बारा मडक्यांची बाग

ज्या गोष्टीविरुद्ध तुम्ही सही केली, घोषणा दिली, निदान फोनवर आलेला संताप चार जणांना पुढं पाठवला, ती गोष्ट तुम्ही आधी स्वतः जाऊन पाहिली होती का?

मी पाहिली नव्हती.

हे आज लिहायला बसले त्याला कारण आमच्या गल्लीच्या तोंडाशी असलेला कडुनिंब. परवा त्याला मोहोर आला. नांदेडात चैत्र असाच येतो, कॅलेंडरची वाट न बघता. रस्त्यावर पांढरा चुरा पडतो, त्यावरून रिक्षा गेली की कडवट गोड वास वर येतो. दहावीचा शेवटचा पेपर देऊन आलेली पोरं दप्तर कोपऱ्यात भिरकावतात. नळाचं पाणी दोन दिवसांआड यायचं ते चार दिवसांआड होतं, आणि बायका एकमेकींना "आलं का?" एवढंच विचारतात. काय आलं ते सांगावं लागत नाही. हा काळ मला दरवर्षी एका माळावर नेऊन सोडतो. चार वर्षांपूर्वीच्या चैत्रात मी तिथल्या मोठ्या वनस्पती उद्यानात गेले होते. बघायला नव्हे, भांडायला.

दुसऱ्यांच्या घरात भांडी असतात तशी आमच्या घरात पत्रकं होती. वडील हमालांच्या संघटनेचं काम करायचे. संध्याकाळी छापखान्यातून गठ्ठे यायचे आणि आम्ही भावंडं फरशीवर बसून घड्या घालायचो. एक घडी, नखानं दाब, दुसरी घडी, पुन्हा दाब. मी अक्षरं त्या कागदांवर शिकले. माझी शुद्धलेखनाची वही म्हणजे चुकलेल्या पत्रकांची कोरी बाजू. अशा घरात वाढलं की दोन गोष्टी अंगात मुरतात. अन्याय दिसला की गप्प बसवत नाही. आणि उद्गारचिन्ह फार स्वस्त वाटायला लागतं. पहिल्या गोष्टीची मला आजही लाज वाटत नाही.

त्या वर्षी पावसानं दगा दिला होता. जळकोटच्या पुढच्या गावांत माघातच टँकर सुरू झाले. अशात माझ्या फोनवर एक फोटो आला. हिरवीगार हिरवळ, टपोरे गुलाब, नाचणारं कारंजं, आणि खाली ओळ: 'माळाखालच्या वाडीला घोटभर पाणी नाही, बागेत मात्र दिवाळी.' मी तापले. त्याच दुपारी पत्रक लिहिलं, दुसऱ्या दिवशी छापून घेतलं, तिसऱ्या दिवशी गठ्ठा पिशवीत घालून देवणीला मावशीकडे निघाले. मध्ये त्या वाडीत उतरायचं, पत्रकं वाटायची, मुक्काम करायचा आणि दुसऱ्या दिवशीच्या ग्रामसभेत उभं राहायचं, असा बेत होता. मागणी एकच: बागेची बोअर सरकारनं ताब्यात घ्यावी आणि तिच्यावर दिवसभर टँकर भरावेत. टंचाईत अशा बोअर ताब्यात घेतल्या जातात, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत असतं.

कंधारच्या पुढं एसटीच्या खिडकीचे गज हात लावू देईनात. दोन्ही बाजूंना नांगरून टाकलेली काळी रानं, ढेकळं उन्हात भाजून राखाडी झालेली. बांधावरच्या पळसांची फुलं केव्हाच झडून गेली होती. मी पिशवी मांडीवर घेऊन मनातल्या मनात भाषण करत होते. कंडक्टर म्हणाला, "बागेचा फाटा. हितंच उतरा, वाडीला बागेच्या कडंकडंनं वाट हाय." मला वाटलं, बरं झालं. जाता जाता एखादा फोटोही काढून ठेवू. पुरावा म्हणून.

फाटकाशी करंजाच्या सावलीत डोक्याला रुमाल बांधलेला एक म्हातारा बसला होता. कपाळावर भस्माचे तीन पट्टे, गळ्यात लिंगाची चांदीची डबी. हे बसप्पामामा, तिथले राखणदार. माझ्या हातातला फोन बघून त्यांनी विचारलं, "लग्नाअगोदरचे फोटो का?"

"नाही."

"मग बरं. नवरदेव दिसंना, मला वाटलं पळाला का काय." आणि मग गंभीर होऊन म्हणाले, "अव्वा, फोटोला पावसाळ्यात ये. आता काही हिरवं न्हाई हितं."

"हिरवळ कुठं आहे?"

त्यांनी बोटानं माझ्या चपला दाखवल्या. "तू उभी हायस त्येच्यावर."

पायाखाली तांबूस काड्यांचा थर होता, चाललं की कुरकुरणारा. गुलाबांच्या वाफ्यांत काटे उभे होते, नुसते. कमळाच्या तळ्याचा गाळ भेगाळला होता आणि तळाच्या मधोमध, जिथं बहुधा शेवटचा गारवा उरला असावा, एक कुत्रं पाय ताणून झोपलं होतं. प्रामाणिकपणे सांगते, मला वाईट वाटलं नाही. मी चिडले. पिशवीत गठ्ठा होता आणि समोरचं दृश्य गठ्ठ्याशी जुळत नव्हतं. मी स्वतःला सांगितलं, आतल्या बाजूला असेल. चैन नेहमी आतल्या बाजूला असते.

म्हणून मी आत गेले. 

बाग फार मोठी होती. एक फेरी मारायला अर्धा दिवस लागावा एवढी, माळाच्या उतारावर पसरलेली. वरच्या अंगाला कांडोळ उभे होते, पांढरीफटक साल, अंगावर एक पान नाही, जणू चुन्यात बुडवून काढलेले. सालईच्या खोडावरून पातळ कागदासारखे पापुद्रे सुटत होते आणि वाऱ्यानं फडफडत होते. वळणावर एक झाड पेटल्यासारखं लाल दिसलं. मला वाटलं फुलं. जवळ गेले तर ती पानं होती. कुसुमाची कोवळी पानं, लहान बाळाच्या तळव्यासारखी लाल, आरपार उजेड जाणारी. करंजांवर पोपटी पालवी इतकी ओलसर चकाकत होती की बोट लावून बघावंसं वाटलं. मोहाखाली फुलांचा सडा पडला होता, मेणाच्या मण्यांसारखा, आणि त्याचा जड गोडसर वास उन्हात तसाच थांबून राहिला होता. पिंपळ तांब्याचा झाला होता. आभाळात ढगाचा ठिपका नाही, जमिनीत हातभर खोलवर ओल नाही, आणि नेमक्या याच महिन्यात ही झाडं नवी पानं काढत होती.

शाळेत मी वाचलं होतं की वसंतात पालवी फुटते. वाचलं होतं, लिहिलं होतं, गुण मिळवले होते. पण आमचा वसंत हा असा, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. आमच्याकडे पालवी पाण्यामागून येत नाही, तहानेच्या ऐन मध्यावर येते. झाड वर्षभर मुळाशी जे साठवतं ते सगळं काढून त्याचं पान करतं. या हिमतीपुढं माझी सगळी उद्गारचिन्हं पोरकट वाटली. पिशवी मात्र मी खांद्यावरून काढली नाही.

उताराच्या खालच्या बाजूला एक बाई उकिडवी बसून मातीत काहीतरी चाचपत होती. साठीच्या जवळची, पदर डोक्यावरून कानामागे खोचलेला. जमिनीत गळ्यापर्यंत पुरलेलं मडकं, वर फरशीचा तुकडा. तिनं तुकडा उचलला, आत हात घालून पाणी किती राहिलं ते पाहिलं, कळशीतलं पाणी हळूच ओतलं, तुकडा परत ठेवला. मडक्याशेजारी, त्यातून झिरपणाऱ्या पाण्यावर जगणारं, माझ्या गुडघ्याएवढं रोप होतं.

"झाकण कशाला, मावशी?"

"उघडं ठिवलं की खार पडती आत. मागल्या साली दोन मेल्या." मग वर बघून, "शिकायला आलीस का? शाळेची पोरं येतेत, झाडाचं नाव लिवून घेतेत, आन झाडाकडं बघतच न्हाईत."

या सुभद्रामावशी. खालच्या वाडीतल्या, बागेत पंधरा-वीस वर्षं कामाला. मी कशासाठी आले आहे हे मी सांगितलं नाही. मी विचारलं, एवढ्या मोठ्या बागेत हे एकच मडकं?

"एक कशानं? बारा हायत माझे. आमी चौघी हाव, परतेकीचे बारा."

मग त्यांनी चालता चालता मला जे सांगितलं, ते मी नंतर कुठल्याच बागेत ऐकलं नाही. पाणी कमी पडायला लागलं त्या वर्षापासून या चौघींनी एक रीत पाडली होती. पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी प्रत्येकीनं ओटीत बारा दगड घ्यायचे आणि सगळी बाग फिरायची. जे झाड आपण या उन्हाळ्यात जगवणार त्याच्या बुडाशी दगड ठेवायचा आणि मोठ्यानं म्हणायचं, "धरलं." दगड ठेवला की तिथं आपलं मडकं पुरायचं. एकदा धरलेलं झाड पाऊस पडेपर्यंत सोडायचं नाही. कार्यालयातल्या साहेबांनाही दगड हलवायचा हक्क नाही.

"बाराच का?"

मला वाटलं काहीतरी जुनं, खोल कारण असेल. मावशी म्हणाल्या, "कुंभारानं गाडीभर दिलते. चौघीत वाटले तर बारा आले."

"आणि भांडणं?"

"व्हतेत की! औंदा चाफ्यावरून दोघी दोन दिस बोलल्या न्हाईत. एकीचं म्हननं, देवाचं झाड हाय, धर. दुसरी म्हन्ली, देवाचं हाय तर देव धरंल. तू दुसरं धर."

मी त्यांच्याबरोबर त्यांची बाराही झाडं पाहिली. मला वाटलं होतं सुंदर असतील. एकही नव्हतं. कुसुम नाही, मोहा नाही, बहावा नाही. सगळी बुटकी, काटक्यांसारखी, दोन-चार पानांची. मोठ्या झाडांच्या मुळ्या कुठच्या कुठं गेल्यात, त्यांचं ते बघतेत, असं मावशींचं म्हणणं. त्यांचा जीव अडकला होता एका कमरेएवढ्या रोपात. बिवळ्याचं रोप. किनवटच्या जंगलातल्या एका आश्रमशाळेनं टोपलीभर शेंगा पाठवल्या होत्या, त्यातून मोजून तीन उगवली. दोन गेली. हे उरलं. तिकडं बिवळ्याची फार तोड झाली म्हणतात.

"ह्यो मोठा झाला की ह्याचं बी परत किनवटला धाडायचंय," मावशी म्हणाल्या. "त्यांनी दिलतं ना. मग उसनं कसं ठिवायचं?"

मी त्या रोपाकडे पाहिलं. धूळ बसलेली सात पानं. ग्रामसभा उद्या सकाळी होती.

दुपारी मोठ्या करंजाखाली चौघी भाकरी खायला बसल्या. मलाही बसवलं. ज्वारीची भाकरी, लाल तिखटाचा ठेचा, कांदा. हात धुवायला एकीनं तांब्या पुढं केला आणि लगेच म्हणाली, "तिकडं धू, त्या आवळ्याच्या आळ्यात." खाताना माझ्या पिशवीवर सगळ्यांची नजर होती.

"कपडे हायत का त्यात?" एकीनं विचारलं.

"कागद आहेत."

"कशाचे गं?"

खोटं बोलता आलं असतं. मी एक पत्रक काढून मावशींच्या हातात दिलं. त्यांनी ते उलटं-सुलटं केलं, कागदावर हात फिरवला आणि परत माझ्याकडे दिलं. "आमाला कुठं वाचाया येतंय? तूच वाच की. मोट्यानं वाच."

ते त्यांच्यासमोर वाचायची मला लाज वाटली. पण पत्रक लिहिणाऱ्यानं पत्रक वाचायला घाबरावं, ही गोष्ट मला त्याहून लाजिरवाणी वाटली. मी वाचायला लागले.

"पाणी कोणाचं? माणसाचं की मोगऱ्याचं? बंधू-भगिनींनो! तुमच्या घागरी कोरड्या पडल्या असताना माळावर हजारो गुलाब न्हाऊन निघत आहेत!"

"कुठं न्हातेत?" एक उठून उभीच राहिली. "दाव बरं मला. मी बी न्हाते तिथं. चार दिस झाले अंगाला पानी न्हाई."

हशा झाला. मी पुढं वाचलं, "विस्तीर्ण हिरवळीवर रात्रंदिवस कारंजी नाचत आहेत!"

"माय गं! त्या कारंजाच्या नळीत सरडा ऱ्हातो दोन सालापासून."

"त्येला इचार, नाचतो का म्हन."

आता चौघीही भाकरी सोडून हसत होत्या. मी पुढची ओळ वाचली, "बागेतील मूठभर माणसं मालकांच्या इशाऱ्यावर तुमचं पाणी पळवत आहेत!"

हसणं थांबलं. "मूठभर म्हंजी आमीच की," सुभद्रामावशी म्हणाल्या. रागानं नाही, तपासून बघावं तसं. "आन पळवतो कुठं गं? सकाळच्या पारी बोअर सुरू झाली की चार घंटे पानी आमच्या वाडीतल्या टाकीतच जातंय. मग बोअर खाकरती. मग तिला बसू द्यायचं. दुपारपातूर थोडं जमतंय, ते मडक्यांना. आमीच पितो, आमीच घालतो. तुला कुणी सांगितलं हे?"

मी फोटो दाखवला. चार डोकी फोनवर वाकली. आणि त्यांतली एक किंचाळलीच, "आगं बया, ही मीच की!"

फोटोच्या डाव्या कोपऱ्यात, गुलाबांच्या मागे, छत्री घेतलेली एक बाई वाकून गवत काढत होती. "श्रावणातला हाय फोटू. तीन सालामागचा. ही छत्री माझ्या लेकीनं आनलती. दांडा मोडला तवाच." मी तो फोटो किमान वीस वेळा पाहिला होता. गुलाब पाहिले होते, कारंजं पाहिलं होतं. ती बाई मला दिसली नव्हती. कष्टकऱ्यांच्या नावानं लिहिणाऱ्या मला, त्या चित्रातली एकमेव कष्टकरी दिसली नव्हती.

"वाच पुढं," मावशी म्हणाल्या. "शेवट काय केलास?"

"उद्याच्या ग्रामसभेत एकमुखानं मागणी करा. बोअर ताब्यात घ्या!"

"आन मग?"

"मग काय, मावशी?"

"बोअर घेतली. टँकर दिसभर भरले. मग हे?" त्यांनी हात बागेकडे केला. "पुढं न्हाई लिवलं?"

"नाही."

"कागद संपला व्हय?"

 वाऱ्यानं करंजाची जुनी पानं आमच्या भाकरींवर पडली. मी माझी बाजू सोडली नाही, तेही सांगायला हवं. मी म्हटलं, टँकरवर जगणारी पलीकडची दोन गावं आहेत, त्यांनी काय करायचं? झाडासाठी माणसं तहानलेली ठेवायची का? मावशींनी बोटानं मातीवर एक रेघ ओढली. मग म्हणाल्या, "त्यांनाबी पायजे. हाव. त्ये खोटं न्हाई. पर आमच्याकडं देवणी गाय हाय, चांगली दूध देती, म्हनून काय दिसभर पिळतो का? दोन टायमाला पिळतो. तिसऱ्यांदा पिळलं तर रगत येतंय. बोअर दिसभर चालवली की आठ दिसात धूळ फेकंल. मग त्यांनाबी न्हाई, आमालाबी न्हाई, ह्यांनाबी न्हाई."

मी पत्रकांचा गठ्ठा पिशवीतून काढून त्यांच्यापुढं ठेवला. "हे कुठं जाळता येतील?"

"जाळतीस कशाला? कागद चांगला हाय. एक बाजू कोरी." आणि त्या चौघींनी भाकरी झाल्यावर, त्याच करंजाखाली, माझ्या पत्रकांच्या पुड्या वळल्या. मी कितीतरी वर्षांच्या सवयीनं घडी घातली, नखानं दाबली. त्यांत आपटा, बेहडा, मेडशिंगीचं बी भरलं गेलं. प्रत्येक पुडीच्या आतल्या अंगाला माझी उद्गारचिन्हं होती.

ग्रामसभा शाळेच्या पटांगणात भरली. पलीकडच्या गावांतली माणसंही आली होती, तोच फोटो त्यांच्याही फोनवर होता. मी उभी राहिले. एवढंच म्हणाले की मी या बागेविरुद्ध पत्रक लिहिलं, त्यात तीन गोष्टी खोट्या आहेत, त्या अशा. मागून कुणीतरी ओरडलं, "ताई, काल पत्रक, आज माघार! उद्या काय?" लोक हसले. मीही त्यांच्यात बसलेली असते तर हसलेच असते. मग पलीकडच्या गावचा एक म्हातारा उठला. त्याचा आवाज चढला नव्हता. "बाग खरी, तुमची वाडी खरी. आमच्या गावात तिसऱ्या दिवशी टँकर येतो. आमी काय करायचं, तेवढं सांगा."

याचं उत्तर माझ्या पत्रकात नव्हतं, आणि माझ्या माफीतही नव्हतं.

सुभद्रामावशी उठल्या. पदर सारखा केला. "आमच्या टाकीतला एक टँकर रोज सकाळी तुमच्याला. आमच्या घरटी दोन घागरी कमी येतील, यिऊ द्या. बोअर मात्र दोनच टायम चालंल."

"तुझ्या घरी मानसं दोन!" त्यांच्याच वाडीतली एक बाई कडाडली. "माझ्या घरी सात हायत. तुला काय जातंय बोलायला?"

"मग तुझ्या कमी व्हनाऱ्या दोनातली एक घागर मी देते. घे. आजून काय बोलायचंय?"

भांडण अर्धा तास चाललं. आवाज चढले, दोन जण उठून गेले, परत आले. शेवटी हात वर झाले. सगळे नाही, पुरेसे. बोअर दोनच वेळा चालणार, पलीकडच्या दोन्ही गावांना मिळून रोज एक टँकर, आणि दुपारचं पाणी मडक्यांनाच. पण घट सोसायची ती मडक्यांनीही सोसायची. तिसऱ्या दिवशी भरायची ती पाचव्या दिवशी. मावशींनी मान डोलावली. मला वाटलं त्या जिंकल्या. त्यांच्या चेहऱ्यावर तसं काही नव्हतं. त्या मनातल्या मनात आपल्या बारा झाडांवरून फिरत होत्या, कुठलं सोसेल आणि कुठलं नाही, हे बघत.

बारातली पाच गेली त्या उन्हाळ्यात. बिवळा राहिला.

त्यानंतर मी पुष्कळ बागा पाहिल्या. प्रवासात कुठंही गेले की आता वनस्पती उद्यान आहे का विचारते, याची माझ्या मित्रांना गंमत वाटते. काचेची घरं पाहिली, थंड हवेत ठेवलेली परदेशी फुलं पाहिली, पाट्यांवर सोनेरी अक्षरं पाहिली. सुंदर होतं सगळं. पण त्या माळावरच्या बागेइतकं मोठं मला कुठंच काही वाटलं नाही. बाग म्हणजे श्रीमंतांची चैन, असं मी मानायचे. आता मला ती एखाद्या ठिय्या आंदोलनासारखी दिसते. किनवटचा बिवळा, बालाघाटातली सालई, कुठल्यातरी बांधावरून तुटलेली मेडशिंगी, सगळी एका उतारावर येऊन बसली आहेत आणि उठायला तयार नाहीत. त्यांच्यासाठी कुणी घोषणा देत नाही. चार बायका पाणी देतात. मंत्र्यांच्या हातून लावलेल्या झाडाचा फोटो दुसऱ्या दिवशी पेपरात येतो. ज्या बाईनं ते झाड चैत्र ते ज्येष्ठ जगवलं तिचा फोटो येतो तो कोपऱ्यात, अर्धा, छत्रीखाली. याचा मला आजही तितकाच राग येतो. फरक एवढाच की आता राग आला की मी आधी एसटी पकडते, लिहिते नंतर.

दरवर्षी चैत्रात जाते. परवा मावशींचा फोन आला. "येतीस का? बसप्पा इचारतोय, ह्या साली तरी नवरदेव आनती का." बिवळा आता माझ्या डोक्याच्या वर गेला आहे. बी धरायला अजून पुष्कळ वर्षं लागतील, त्या म्हणाल्या. तोवर आपण असू का, हा प्रश्न त्यांनी विचारला नाही, मीही विचारला नाही. चौघींपैकी एकीचे गुडघे गेले, ती आता घरी असते, आणि तिची बारा मडकी यंदा पालथी पडून आहेत. त्यांच्यासाठी दगड ठेवणारं कुणी नाही. नव्या बायका कामावर घेणार म्हणतात. म्हणतातच. पाऊसमान यंदाही बरं नाही. फोनवर फोटो यायला लागले आहेत, दुसऱ्या बागांचे, दुसऱ्या बोअरींचे. काही खरे असतीलही.

म्हणून तुमच्याकडे एक मागणं आहे. सही नको, घोषणा नको, हा लेख पुढं पाठवणंही नको. कुंभाराकडे जा आणि एक लहान मडकं आणा. रंग दिलेलं, चकचकीत केलेलं घेऊ नका, त्यातून पाणी झिरपत नाही. तुमच्या दारात, शाळेच्या कुंपणाशी, दवाखान्याच्या मागे, बसस्थानकावर, जिथं कुठं मागच्या पावसाळ्यात कुणीतरी लावलेलं आणि विसरलेलं एक लहान झाड असेल, त्याच्या बुडापासून वीतभर अंतरावर ते गळ्यापर्यंत पुरा. तोंडावर फरशीचा तुकडा ठेवा. भाज्या धुतलेलं पाणी चालेल, भांड्यातलं उरलेलं चालेल, प्रवासातून आणलेली अर्धी बाटली चालेल. दर तिसऱ्या दिवशी भरा, अगदीच नसेल तर पाचव्या. आणि मृगाचा पाऊस जमिनीत हातभर मुरेपर्यंत थांबू नका. एकच झाड. पण ते तुमचं.

कुंभारवाडा संध्याकाळपर्यंत उघडा असतो. आजच जा.